हिचा श्वास कोण घेतंय

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार — मिरज

डॉक्टर बोलतात ते पाच मिनिटांनी आठवत नाही. म्हणून हॉस्पिटलसमोरच्या दुकानातून ही वही घेतली.

आज सकाळी म्हणाले — मेंदूत मोठा रक्तस्राव झालाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. अठ्ठेचाळीस तास बघू. 'बघू' म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

दीपा काल सकाळपासून आत आहे. तोंडात नळी. छाती वरखाली होते ती मशीनमुळे. मिनिटाला चौदा वेळा. पडद्यावर चौदा लिहिलेलं आहे, तरी मी मोजले.

झालं ते असं. मी पहिल्या पाळीला कुपवाडला कंपनीत गेलो होतो. सव्वासातला प्रांजलचा फोन. "बाबा, मम्मी आसनावरनं पडलीय. उठवलं तरी उठत नाही." दीपा रोज सकाळी सहाला ध्यानाला बसते. दहा दिवसांचं शिबिर करून आली तेव्हापासून, तीन वर्षं झाली. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून. प्रांजल बारावीला, परीक्षा आठवड्यावर. ती चहा ठेवायला उठली तर आई एका कुशीवर. आधी तिला वाटलं, बसल्या बसल्या झोप लागली.

अजून एक गोष्ट लिहायची आहे. आज नको.


५ फेब्रुवारी

मामी आली. म्हसवडकडनं दोन गाड्या बदलून. मामी म्हणजे हरणाबाई, दीपाची आई. माझी सासू, पण त्याआधी माझ्या आईच्या भावाची बायको, म्हणून तोंडात मामीच. सगळा जन्म मेंढरांमागं गेला तिचा. पिशवीत सिद्धनाथाचा गुलाल घेऊन आली. नर्सनं पुडी बाहेरच ठेवायला लावली. मामीनं वाद घातला नाही. पुडीत बोट बुडवलं, ते तेवढं मुठीत लपवून आत नेलं आणि दीपाच्या कपाळाला टेकवलं. नर्सनं बघितलं. मग सलाईन बघायला वळली.

मग डॉक्टर आले. तरुण आहेत, तिशीतले.

मामीनं विचारलं, "आवं डॉक्टर, हिचा श्वास कोण घेतंय?"

"मशीन घेतंय, आजी."

"मग ही कुठं हाय?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तपासतोय आम्ही," म्हणाले.

"अंग गरम हाय की हिचं. हात लावून बघा."

त्यांनी खरंच लावला. मामीच्या समाधानासाठी असेल.

बाहेर बाकावर बसल्यावर आठवलं. दीपा पण असलंच काहीतरी विचारायची. मागच्या पावसाळ्यात ताट वाढता वाढता म्हणाली, "आवं, आपण मी मी म्हणतो ते नक्की कुठं असतं?" मी म्हणालो, "आमटीत मीठ कुठं हाय ते आधी सांग." हसून हसून तिला ठसका लागला होता.


६ फेब्रुवारी

आज लिहितो. कुणाला तरी सांगायला पाहिजे, आणि तोंडानं सांगता येत नाही.

सोमवारी पहाटे साडेपाचला दीपा डबा बांधत होती. म्हणाली, "डोकं लय दुखतंय. असं कधी दुखलं न्हाई." मी बूट घालत होतो. म्हणालो, "मग बघ की तुझं ते श्वासाचं. तुला गोळी कशाला लागतीय." चेष्टेनं म्हणालो. रागावून नाही. ती पण हसली. मी गाडी काढली.

एवढंच. तीन वर्षं मी तिची चेष्टा करत होतो. त्यातली ही शेवटची.

गोळी घेऊन काही झालं नसतं, असं डॉक्टर म्हणतात. मी आडून विचारून घेतलं — एखाद्याचं डोकं दुखत असलं, आणि लगेच आणला असता तर? म्हणाले, "सांगता येत नाही." म्हणजे वाचलीही असती. सांगता येत नाही म्हणजे तेच ना.

दुपारी क्रांतीताई आल्या. क्रांतीताई कांबळे, निवृत्त मुख्याध्यापिका. आमच्या घरामागच्या विहारात दर रविवारी त्या सगळ्यांना ध्यानाला बसवतात. दीपाला शिबिराला त्यांनीच पाठवलं. दीपाच्या तोंडी दिवसातून चारदा 'ताई म्हणतात'. सत्तरीच्या बाई, पाठ ताठ, कधी आवाज चढलेला मी ऐकला नाही.

आज त्या काचेतून आत बघून आल्या आणि उभ्याच राहिल्या. बसा म्हटलं तरी बसेनात. मग म्हणाल्या, "भाऊ, मला तुम्हाला एक सांगायचंय. दीपमालाचा रविवारी मला फोन आला होता. म्हणाली, ताई, दोन दिवस झाले, बसलं की मानेपासून डोकं ठणकतं. मी म्हणाले, वेदना आहे, येते आणि जाते. तिच्याकडे बघत राहा. उठू नको."

मी नुसता त्यांच्याकडे बघत राहिलो.

"डॉक्टरकडे जा म्हणायला पाहिजे होतं. ते सुचलंच नाही मला," म्हणाल्या.

मी म्हणालो, "जावा इथून."

त्या गेल्या. जिन्याचा कठडा धरून धरून उतरल्या. मामी म्हणाली, "का रं हाकललंस त्या बाईला?" मी काही सांगितलं नाही. कसं सांगणार? ताईंनी त्यांचं सांगितलं. माझं मी कुठं सांगितलं? मी पण तिला तेच म्हणालो होतो की. त्या तळमळीनं म्हणाल्या आणि मी चेष्टेनं, एवढाच फरक. आणि दीपा बिचारी दोघांचं ऐकून बसली.


७ फेब्रुवारी, दुपारी

आज चाचणी. डॉक्टरांनी समजावलं ते जसंच्या तसं लिहितो. मेंदूचं काम पूर्ण थांबलंय असं त्यांना वाटतंय. खात्री करायची. व्हेंटिलेटर काढायचा, नळीतून नुसता ऑक्सिजन सोडायचा, आणि आठ-दहा मिनिटं बघायचं — ती स्वतःहून एक तरी श्वास घेते का. एक घेतला तरी चाचणी थांबवायची. नाही घेतला तर सहा तासांनी परत करायची. दोन्ही वेळा नाही घेतला तर कायद्यानं मृत्यू.

"मी आत थांबू का?" विचारलं.

"सहसा थांबवत नाही कोणाला," म्हणाले. मग काय वाटलं त्यांना कोण जाणे, "थांबा, पण लांब."

मी फिटर आहे. बावीस वर्षं झाली. शाफ्ट केसाच्या दहाव्या भागाइतका जरी हलला तरी मला कळतो. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं कंपनीत म्हणतात. मला वाटलं, यांच्या नजरेला दिसणार नाही, पण माझ्या दिसेल.

मशीन काढलं. आवाज थांबला. चार दिवसांत पहिल्यांदा तिथं शांतता.

मी बघत होतो. तिची छाती. तिचा गळा. नाकपुड्या. दीपा सांगायची, दुसरं काही करायचं नाही, फक्त श्वास येतो-जातो ते बघायचं. मला कधी दोन मिनिटंही जमलं नव्हतं. मन लगेच कंपनीत, नाहीतर भुकेवर. आज कुठंच गेलं नाही. असं मी जन्मात काही बघितलं नसेल.

चौथ्या का पाचव्या मिनिटाला मी पुढं सरकलो. कुणी अडवलं नाही. मी तिच्या पोटावर हात ठेवला, शिबिरातून आल्यावर तिनं माझा हात तिथं ठेवून दाखवलं होतं तसा. आणि हललं. हाताखाली उचललं गेलं, खाली गेलं. परत उचललं.

"साहेब, हाय! हाय श्वास!"

डॉक्टर वाकले. बघितलं. मग माझं मनगट हळूच धरून हात उचलला आणि माझ्याकडेच वळवला. "भाऊ, हा तुमचा श्वास आहे. तुम्ही जोरात घेताय. तुमचा हात हलतोय."

तिच्या पोटाकडे बघितलं. सपाट. थांबलेलं.

दहा मिनिटं झाल्यावर मशीन परत लावलं. छाती वरखाली व्हायला लागली. चौदा.


७ फेब्रुवारी, संध्याकाळ

दुसऱ्या चाचणीला मी आत गेलो नाही.

पाच वाजून दहा मिनिटं. ही वेळ कागदावर लिहितात. कालपर्यंत मला वाटायचं, माणूस जातं तेव्हा घरच्यांना कळतं. आज कागदावरून कळलं. आत जाऊन बघितलं तर अंग तसंच गरम. गाल तसेच.

मग समीक्षा मॅडम आल्या. अवयवदानाचं काम बघतात. हळू बोलतात. यकृत, दोन मूत्रपिंडं, डोळे. तुमची इच्छा असेल तरच, नाही म्हणालात तरी आम्ही काही वाईट वाटून घेणार नाही, असं दोनदा म्हणाल्या.

प्रांजल उठून खिडकीपाशी गेली. पाठ करून म्हणाली, "अजून कापणार तिला?"

मामीकडे बघितलं. ती जमिनीवर बसली होती, बाकावर तिला बसवत नाही. म्हणाली, "मला नगं इचारू रं, धुळा. आई हाय म्या. म्या न्हाईच म्हननार. तिनं काय म्हनलं असतं ते बग."

तिनं काय म्हटलं असतं?

दिवाळीत अंगणात बसून नखं कापत होती. फॉल-पिकोचं काम करते, नखं वाढली की साडीचा धागा ओढला जातो. कापलेली नखं तळहातावर घेऊन मला दाखवली. "हे बघा. आत्ता एक मिनिटापूर्वी ही मी होते. कुणी ओढली असती तर 'मला दुखतंय' म्हणाले असते. आता केरात चालले. मग सांगा, मी कुठपर्यंत?" मी म्हणालो, येडी झालीस तू. ती म्हणाली, "येडीच बरी. गेल्यावर कुणाच्या उपयोगाला आलं तर देऊन टाका माझं सगळं. केरात कशाला."

हे खरंच म्हणाली का? शेवटचं वाक्य खरंच म्हणाली, की मला आत्ता तसं पाहिजे म्हणून आठवतंय? प्रांजलला विचारलं. दिवाळीत ती तिथंच रांगोळी काढत होती. खिडकीपाशीच, न वळता म्हणाली, "म्हणाली होती."

सही केली.

मामी उठली आणि समीक्षा मॅडमचा हात धरला. "डोळं तेवढं नगा घेऊ, बाय. डोळं ऱ्हाऊ द्या तिचं. म्होरं वाट दिसाय नगं का तिला?"

मॅडमनी कागदावर डोळ्यांपुढे रेघ मारली.


८ फेब्रुवारी

सकाळी सव्वाआठला यकृत घेऊन पुण्याची गाडी निघाली. पोलिसांनी चौक मोकळा ठेवला होता. मामी म्हणाली, "आमच्या घरातल्या कुनासाटी रस्ता थांबला न्हवता आजवर."

दुपारी दीपाला घरी आणलं. मग कृष्णेवर.


११ फेब्रुवारी

प्रांजलचा इंग्रजीचा पेपर. गेली. मी सोडायला गेलो होतो. गेटवर म्हणाली, "बाबा, काही आठवलं नाही तर?" मी म्हणालो, "नसू दे." परत आली तेव्हा म्हणाली, सगळं आठवलं. आणि त्याच्यावरून रडली. मम्मी जाऊन चार दिवस झाले आणि मला सगळं आठवतं, म्हणे.




१३ फेब्रुवारी

गिऱ्हाईकांच्या सहा साड्या मशीनजवळ. चार झालेल्या, दोन अर्धवट. नावाच्या चिठ्ठ्या दीपानं टाचून ठेवलेल्या. पाच मी घरोघरी देऊन आलो. सहावी क्रांतीताईंची निघाली. निळ्या काठाची.

विचार केला, प्रांजलच्या हातून पाठवावी. मग स्वतःच गेलो.

ताई दारात आल्या. साडी घेतली नाही, तशाच माझ्याकडे बघत राहिल्या. आठ दिवसांत बाई वाळल्या होत्या. पाठ वाकलेली.

मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी तिनं मला पण सांगितलं होतं. डोकं दुखतंय म्हणून. सकाळी. मी म्हणालो, श्वास बघ तुझा, गोळी कशाला पाहिजे."

सांगून टाकलं. दारात, चपला पायात असतानाच.

ताई खाली बसल्या, उंबऱ्यावरच. मी पण बसलो.

मग विचारलं, "रविवारी बसवता का अजून सगळ्यांना?"

"नाही. किल्ली दुसऱ्यांकडे दिली. माझ्यानं आता कुणाला सांगवत नाही, बघत राहा म्हणून."

"ताई, दीपा कुठं गेली?"

"बुद्धांना असं विचारलं की ते गप्प राहायचे, असं मी सगळ्यांना सांगायचे. का गप्प राहायचे, ते पण समजावून सांगायचे. चाळीस-चाळीस मिनिटं बोलायचे त्याच्यावर." साडीची घडी माझ्या हातातून घेतली, मांडीवर ठेवली. "मला सगळं पाठ आहे, भाऊ. शरीर म्हणजे मी नाही, वेदना म्हणजे मी नाही, मन म्हणजे मी नाही. सगळं येतं आणि जातं, धरून ठेवणारं आत कुणी नाही. ते खोटं आहे असं मला अजूनही वाटत नाही. पण पोरीचा फोन आला तेव्हा ऐकायला मी नव्हते. माझं पाठांतर होतं."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. बरंही वाटलं नाही.

उठताना म्हणाल्या, "साडीला फॉल किती सरळ लावलाय बघा." आणि ती बाई रडायला लागली. मी तिथंच उभा. पाण्याचा तांब्या आणून द्यायचंही सुचलं नाही.


१५ फेब्रुवारी

दीपाच्या आसनावर बसलो. चार श्वास. उठलो. डोळे मिटले की तो हात हलतो.


१७ फेब्रुवारी

दहावा झाला. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बाईची काही इच्छा राहिली नव्हती. मामी म्हणाली, "पोरगी बारावीला, आन् इच्छा न्हाई म्हनं."

रोज सकाळी दहाला समीक्षा मॅडमना फोन करतो. त्या नावं सांगत नाहीत, तसा नियम आहे. एवढंच सांगतात — यकृत पुण्याला, एका गृहस्थांना, वय बावन्न. एक मूत्रपिंड कोल्हापूरला, एका बाईंना. एक इथंच, मिरजेत, एका मुलीला. मी विचारतो, कशी आहे? मॅडम म्हणतात, तिघंही बरी आहेत. मी परत विचारतो, पुण्याची कशी आहे? त्या थोड्या थांबतात, मग म्हणतात, "ते बरे आहेत, भाऊ."

'कशी' विचारतो मी. कळतं मला. तरी तसंच विचारतो.

फोन ठेवला की मामी बाहेर येते. "काय म्हनली?" मी सांगतो, बरी हाय. मामीनं मला परवा विचारून घेतलं, पुणं कुनीकडं? दाखवलं. आता ती रोज आंघोळ झाली की त्या अंगाला तोंड करून हात जोडते. देवाला आधी, मग तिकडं. प्रांजलला हे आवडत नाही. म्हणाली, "मम्मी तिकडे नाहीये, आज्जी. मम्मीच म्हणायची, कुठलीच वस्तू 'मी' नसते."

मामी म्हणाली, "आसंल बाय. पर म्या कुनीकडं बगू मग?"




१९ फेब्रुवारी

कामावर गेलो. पहिला दिवस. शेजारच्या मशीनवरचा अर्जुना काही न बोलता माझ्या वाटचं जड काम करत होता. मी बघितलं, पण थांबवलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मनात आलं — पुण्यात तो माणूस आता जेवत असेल. वरण, भात. आणि ते पचवायला दीपा. एकदम सुख वाटलं. पहिल्यांदा. मग भीती वाटली. त्यानं दारू प्यायली तर? औषध चुकवलं तर? ताप आला तर? कुणाला विचारू? माझा काही हक्क नाही. रस्त्यात समोर आला तर मला ओळखता येणार नाही. दीपानं मला तीन वर्षं समजावलं, धरून ठेवायचं नाही. मी आता एका परक्या माणसाचं पोट धरून बसलोय.


२१ फेब्रुवारी

मॅडमनी आज फोन उचलला नाही. दोनदा केला.


२२ फेब्रुवारी

मॅडमचाच फोन आला. पुण्याचे गृहस्थ काल गेले. जंतुसंसर्ग. यकृत चांगलं चालत होतं, म्हणाल्या, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मामी हात जोडून उभी होती, त्याच अंगाला. तिचं होईपर्यंत थांबलो. मग सांगितलं. वाटलं, आता पोर दुसऱ्यांदा गेली म्हणून ती खाली बसेल. ती उभीच राहिली. मग विचारलं, "त्याला बायकू हाय का रं?"

पंधरा दिवस मी रोज फोन केला. हे एकदाही विचारलं नव्हतं.